सोयरसुतक नसलेले शब्द

क्रिकेटच्या इंग्रजी बातम्यांत 'इन्डिफरंट फॉर्म' हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. फलंदाज डावामागून डाव दहा-बारा धावांवर परततो आहे, एवढाच त्याचा अर्थ. घाईत भाषांतर करणाऱ्याने तिथे 'बेफिकीर' लिहिलं, की रोज नेटमध्ये घाम गाळणाऱ्या त्या माणसावर फुकटचा आळ येतो. कारण इथला 'इन्डिफरंट' मनाबद्दल बोलतच नाही. खेळ बेताचा झाला, असं तो जरा सभ्यपणे सांगतो.

या शब्दाने मोठी घसरगुंडी पाहिली आहे. मुळात अर्थ साधा: दोहोंत भेद न करणारा. म्हणून न्यायाधीश 'इन्डिफरंट' असणं हा त्याचा गुण. इंग्लंडच्या चर्चच्या 1662 सालच्या प्रार्थनाग्रंथात राजाच्या अधिकाऱ्यांनी न्याय कसा द्यावा, हे सांगताना याच शब्दाचं क्रियाविशेषण वापरलं आहे. तिथे अर्थ आहे निःपक्षपातीपणे. पुढे भेद न करणारा तो 'चांगलाही नाही, वाईटही नाही' असा झाला, मग 'फारसा बरा नाही' असा. आज कुणी न्यायाधीशाला 'इन्डिफरंट' म्हटलं, तर तो मानहानीचा दावा लावील.

मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये. संस्कृतातला 'उदासीन' म्हणजे बाजूला, वर बसलेला. गीतेत तो भक्ताचा गुण आहे. आपल्याकडे त्याचाच भाऊबंद 'उदास' संध्याकाळी खिडकीत बसून सुस्कारे टाकतो.

पण सगळ्यांत गंमत 'अलूफ'ची. कुणाशी मिसळत नाही, समारंभात भिंतीला टेकून उभा राहतो, त्याला इंग्रजीत 'अलूफ' म्हणतात. हा शब्द आला समुद्रावरून. डच भाषेत 'लूफ' म्हणजे जहाजाची वाऱ्याकडची बाजू. शिडाचं जहाज किनाऱ्याजवळून चाललं आहे आणि वारा किनाऱ्याच्या दिशेनेच वाहतो आहे, असा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. काही केलं नाही, तर वारा जहाजाला ढकलत ढकलत खडकांवर नेऊन आपटणार. अशा वेळी सुकाणूवाल्याला हुकूम मिळे: नाळ वाऱ्याकडे वळव, किनाऱ्यापासून दूर ठेव. सुकाणूवर दोन्ही हात घट्ट, नजर शिडाच्या कडेवर, कान हुकुमाकडे. त्या क्षणी जहाजावर त्याच्याइतका सावध दुसरा कुणी नसे. आणि त्याच हुकुमातून पुढे निघाला कुणाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या माणसाचा शब्द!

आपला 'तटस्थ' नेमका उलट्या जागी उभा आहे. तो तटावर, म्हणजे किनाऱ्यावरच. नदीला पूर येवो, कुणी बुडो, हा काठावरून बघतो. इंग्रजांनी दूर राहण्याची कल्पना पाण्यातून घेतली, आपण जमिनीवरून. ज्याचं त्याचं भूगोलज्ञान. तरी जुन्या मराठीत 'तटस्थ' म्हणजे थक्क होऊन जागच्या जागी खिळलेलाही असे, हे विसरू नये.

फ्रेंचांकडून इंग्रजीने जे शब्द उचलले, त्यांत तापमानाचा हिशेब दिसतो. 'नॉनशलंट'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'ऊब असणे' हे क्रियापद आहे. ज्याला कशाचीच ऊब लागत नाही, तो नॉनशलंट. कॅलरी हा शब्द त्याच कुळातला. 'साँफ्रवा' म्हणजे थंड रक्त. गोळीबारातही सिगारेट पेटवणाऱ्या अधिकाऱ्याची त्याने स्तुती होते. हेच थंड रक्त अस्सल इंग्रजी शब्दांत म्हटलं, की मात्र ते खुनाच्या खटल्यात जाऊन बसतं. परकी टोपी घातली की अवगुणही रुबाबदार दिसतो, त्यातला हा प्रकार.

एका कंटाळलेल्या माणसाचं तर नावच शब्द होऊन बसलं. व्होल्तेअरच्या 1759 सालच्या 'काँदीद'मध्ये व्हेनिसचा एक सरदार आहे, पोकोकुरान्ते. इटालियनमध्ये 'फारशी पर्वा नसलेला'. राफाएलची चित्रं घरात, पण ती त्याला आवडत नाहीत. संगीत दमवतं, होमर कंटाळवाणा, मिल्टन तर असह्य. आणि भोळा काँदीद मनात म्हणतो, केवढा थोर माणूस, याला काहीच आवडत नाही! इंग्रजीने हे नाव सामान्यनाम म्हणून घेतलं. आज ते फारसं कुणी वापरत नाही, माणसं मात्र दर चित्रप्रदर्शनात भेटतात.

भांडणं होतात ती 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' यांवरून. काटेकोर शिक्षक सांगतात: पंच पहिला असावा, दुसरा नसावा. पहिल्याचा निकालात हितसंबंध नसतो, दुसरा जांभया देत असतो. नियम उत्तम आहे. पण सतराव्या शतकात हे दोघे एकमेकांच्या खुर्चीत बसले होते. कवी जॉन डनच्या लेखनातला 'डिसइंटरेस्टेड' रस नसलेला आहे आणि तेव्हाचा 'अनइंटरेस्टेड' निःपक्षपाती. म्हणजे आज जो पहिल्याचा अर्थ 'रस नसलेला' करतो, तो अडाणी नसून नकळत जुन्या वळणाचा ठरतो. तरीही फरक पाळावा. ज्या भाषेत या दोघांना वेगळी नावं आहेत, तिने ती का गमवावीत?

त्यातला 'इंटरेस्ट' म्हणजे व्याजही. आणि 'डिसइंटरेस्टेड' प्रेमाला मराठीत चपखल शब्द आहे, निर्व्याज. संस्कृतातल्या त्या 'व्याजा'चा अर्थ बहाणा, कपट. सावकाराशी त्याचा संबंध नाही. निव्वळ योगायोग, पण शब्दांच्या नादी लागलेल्याला दिवसभर पुरेल असा.

अलीकडे इंग्रजीला एवढाही खटाटोप नको झाला आहे. 'मेह' हा उद्गार 2008 साली कॉलिन्सच्या शब्दकोशासाठी निवडला गेला. ना व्युत्पत्ती, ना खानदान, नुसते खांदे उडवणं. मराठी माणूस अशा वेळी म्हणतो, 'त्याला कशाचं सोयरसुतक नाही.' जन्माचं सोयर नाही, मरणाचं सुतक नाही. बेपर्वाई दाखवायलाही आपल्याला अख्खा गोतावळा लागतो.

'अलूफ'मधल्या त्या 'लूफ'चीच 'लफ' ही इंग्रजी आज्ञा मात्र शिडाच्या होड्यांवर अजून चालते. ती ऐकली, की सुकाणूवर बसलेला नाळ वाऱ्याकडे वळवतो.