तुंब्यातलं बी

काठगोदामला रात्रीच्या गाडीतून उतरलो आणि शेअर जीपने अल्मोड्याची वाट धरली. भवालीच्या पुढे कोसी सोबतीला आली. ऑक्टोबर सरत आलेला. घरांच्या छपरांवर लाल भोपळे वाळत होते.

मुक्कामाच्या घरी अंगणात तुळस आणि परसात भांग, डोक्यावर हातभर गेलेली. ‘तुळशीत भांग’ म्हणून नाकं मुरडणारे आम्ही. इथे दोघींचा शेजार जुना. आमा, म्हणजे आजी, कापलेली झाडं झोडपत होत्या. नर झाडं आधीच उपटून, भिजवून वाख काढलेला. मादी झाडं बियांसाठी राखलेली. मीही हात लावला. तळव्यांना चिकटलेला उग्र राळेचा वास जेवेपर्यंत गेला नाही.

जेवणात त्याच बियांची चटणी. कढईत तडतडवून, मीठ-मिरचीसोबत पाट्यावर वाटून वर पहाडी लिंबू. चव तीळ आणि शेंगदाण्याच्या मधली. नशेची भीती नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानेही नुसत्या बिया गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवल्यात.

सोबतचा मित्र वाणपैदाशीतला. उत्तराखंडात २०१८पासून परवान्याने भांगेची शेती करता येते, पण नशा आणणारं टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत हवं.

“युरोपातलं बी त्यात बसतं. तेच पेरा की,” मी म्हणालो.

“भांग दिवस मोजते,” तो म्हणाला. “तिकडच्या झाडाला उन्हाळ्यात सोळा तासांच्या उजेडाची सवय. इथे जूनमध्येही चौदाच. रात्र लांबली असं समजून ते कमरेएवढं असतानाच फुलतं. मग ना वाख, ना बी.”

इथल्या झाडाला इथला दिवस ठाऊक आहे, पण नशा बहुधा मर्यादेबाहेर. मात्र गावठी वाणात एक झाड दुसऱ्यासारखं नसतं. त्यातली सौम्य झाडं हुडकायची, त्यांचा आपसात संकर करायचा, हे त्याचं काम. पण भांगेचा पराग वाऱ्यावर मैलोगणती जातो. शेजारी परकं बी पेरलं, की पुढच्याच पिढीत भेसळ.

निघताना मी ओंजळभर बी मागितलं. आमांनी भाजकं बांधून दिलं. कोपऱ्यात वाळक्या भोपळ्याचा तुंबा टांगला होता. त्याकडे बोट दाखवलं, तर हसून म्हणाल्या, “ते पेरायचं. ते घरचेही खात नाहीत.”