कुणाची ओवी, कुणाचं दळण

रेकॉर्ड केलेली ओवी मंचावर आणावी का, हा प्रश्न काही दिवस डोक्यातून जात नाही. अशी एक रचना ऐकली: डोंगराकडच्या कुण्या बाईचा आवाज, त्याच्याखाली यंत्रातून निघणारा लांबच लांब षड्ज, ओवीच्या एका चरणाचा तुकडा तोडून पुन्हा पुन्हा फिरवलेला. ऐकताना अंगावर काटा आला, हे खरं. न विचारता कुणाच्या तरी माजघरात शिरल्यासारखं वाटलं, हेही तितकंच खरं.

हे आवाज आपल्याकडे आहेत ते संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्यामुळे. भोर, वेल्हे, मुळशी या डोंगरी तालुक्यांपासून पार मराठवाड्यापर्यंत हजारावर गावांतल्या बायकांच्या ओव्या त्यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. ही संख्या एक लाखाच्या पुढे गेली. नव्वदच्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार बेल आले आणि त्यांतल्या काही ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. 2017 पासून हा संग्रह ‘पारी’ या संकेतस्थळावर सगळ्यांना खुला आहे. वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं, घरोघरी गिरणीचं पीठ आलं, पण तो आवाज राहिला.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो. ही म्हण मी आजवर सहज वापरत आलो, आता ती अडवते. ती म्हणते, आधी बसावं लागतं. पहाटे उठून खुंट्याला हात घातल्याशिवाय ओवी नाही. मग ज्याच्या हाताखाली खुंटा नाही, त्याला सुचतं ते काय? आणि जी बाई टेपसमोर नुसतीच मांडी घालून बसली, तिला ओवी सुचली की आठवली?

पण म्हणीचंही वय बघावं. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात असा उल्लेख आहे, तो कांडताना. तिथं दळण नाही. उखळ आणि मुसळ आहे. म्हणजे ओवी तेव्हाही जात्याला बांधलेली नव्हती. मुसळ वरखाली जातं, जातं गोल फिरतं. एकाच छंदानं ह्या दोन्ही चाली अंगात कशा मुरवून घेतल्या असतील?

जात्याचा विचार करायला लागलं की थांबवत नाही. दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं ओढायचं, दुसरीनं ढकलायचं, मधूनच एकीनं मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात सोडायची. दाणे पडले की दगडाचा आवाज जड आणि दबका होतो, संपत आले की तो मोकळा, खरखरीत होतो. रिकामं जातं फिरवू नये, दगड झिजतो आणि पिठात कच येते. म्हणजे गाणाऱ्या बाईचा कान गाण्याकडं असतो तसा दगडाकडंही असतो. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची. टाकी लावलेल्या जात्याचा आवाज वेगळा. नाचणीचं दळण वेगळं, तांदळाचं वेगळं. त्या घरघरीत माणसाचा शब्द बुडतो. पलीकडच्या खोलीत निजलेल्या सासूला, नवऱ्याला ऐकू जाऊ नये असं पुष्कळ काही त्या आवाजाच्या आडून बोलता यायचं. माहेर, भाऊ, मेलेलं लेकरू.

मंचावर फिरणारा तुकडा मला खटकतो तो इथं. यंत्र तोच फेरा हुबेहूब पुन्हा आणतं. जात्याचा एक फेरा दुसऱ्यासारखा नसतो: हात थकतो, दाणा कमी होतो, श्वास तुटतो, चरण लांबतो. आणि ज्या आवाजाच्या आडून बाई बोलली, तो काढून टाकून आपण तिचा शब्द लख्ख उजेडात धरतो.

पण मग कुमार गंधर्वांचं काय करायचं? 1948 मध्ये ते देवासला आले ते क्षयानं आजारी होऊन. गाणं बंद. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले, पुढं ती जमवली आणि त्यांच्या धुनांतून नवे राग उभे केले. मालवती, सहेली तोडी, संजारी. ‘गीत वर्षा’सारखे कार्यक्रम बांधले. ते कुठल्याही जात्यावर बसले नव्हते. तरी त्या गाण्याला उसनं म्हणायची हिंमत मला होत नाही. त्यांनी मूळ आवाज मंचावर आणला नाही, तो स्वतःच्या गळ्यातून जाऊ दिला, हा फरक असेल. पण मूळ बाईचा आवाज ऐकवणं जास्त प्रामाणिक, असंही कुणी म्हणेल, आणि मला उत्तर देता येणार नाही.

शिवाय आपल्या लग्नघरातली हळद आठवते. जात्याला आंब्याचा डहाळा बांधतात, सुवासिनी भोवती बसतात, हळकुंडं टाकून चार फेरे ओढतात, घाण्याची गाणी म्हणतात. त्या हळदीवाचून घरातलं काही अडत नसतं. दळायचं म्हणून कुणी तिथं बसत नाही. तोही मंचच झाला, पाहुण्यांसमोरचा, आणि तो कितीतरी जुना. तिथं मला कधी खटकलं नाही. का खटकलं नाही? तिथं गाणारी समोर असते, आणि नको वाटलं तर ती गप्प बसू शकते, एवढंच मला सुचतं.

हे पुरेसं उत्तर नाही. टेपसमोर गायलेल्या बायकाही आपल्या मर्जीनं गायल्या, आपलं नाव-गाव सांगून गायल्या. आपला आवाज दूरवर जावा असं त्यांतल्या कित्येकींना वाटलंही असेल. त्यांच्या वतीनं नको म्हणणारा मी कोण?

म्हणून नव्या संगीतकारांना एकच विनंती करतो. भोर-वेल्ह्याच्या वाड्यांवर जातं ओढलेल्या आज्या अजून आहेत. त्यांच्यातल्या एखादीची ओवी मंचावर नेणार असाल तर आधी तिथं जा, रचना तिला ऐकवा, आणि यातलं काय ठेवू, काय काढू, हे तिलाच विचारा. ती जे सांगेल त्यानं रचना बदलली, तर बदलू द्या.