एकोणीस अंशांवरचा ध्रुव

अहिल्यानगर शहराचे अक्षांश १९ अंश ५ मिनिटे. म्हणजे ध्रुवतारा इथे क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या वितीएवढाच वर. लंडन किंवा न्यूयॉर्कचा हौशी निरीक्षक चाळीस-पन्नास अंशांवरच्या स्वच्छ ध्रुवाकडे दुर्बिणीचा आस रोखतो. इथे तोच तारा डोक्यावरच्या हवेच्या तिप्पट थरातून पाहावा लागतो. त्यात उसाचे पाचट पेटवल्याचा धूर आणि शहराचा उजेड. म्हणून नगरची हौशी मंडळी अमावास्येच्या आसपास दुर्बीण गाडीत घालून अकोले तालुक्यात, भंडारदरा-रतनवाडीकडे निघतात.

तिथेही पहिला अडथळा आकाशातला नसतो. दुर्बीण ज्यावर बसते त्या इक्वेटोरियल माउंटचा मुख्य अक्ष पृथ्वीच्या आसाला समांतर करायचा, म्हणजे मोटरने तेवढा एकच अक्ष २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी या गतीने फिरवला की काम झाले. पण एकोणीस अंशांवर हा अक्ष जवळजवळ आडवा होतो. तोल साधणाऱ्या वजनाची दांडी तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला आपटते, सगळा भार उंचीच्या स्क्रूवर येतो आणि स्क्रू आवळताना अक्ष हळूच खाली बसतो. होकायंत्रावरही भिस्त ठेवू नये. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशाचाही फरक नाही, पण लोखंडी वजनांजवळ सुई भलतीकडे वळते.

शिवाय ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूवर नाही. तो सुमारे ४० कलांनी, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहून थोडा जास्त, शर्मिष्ठेच्या बाजूला सरकलेला आहे. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास शर्मिष्ठा ध्रुवाच्या वर असते, तेव्हा खरा बिंदू ताऱ्याच्या खाली शोधायचा. ध्रुवमत्स्यातले दुसरे टोक त्या वेळी क्षितिजाजवळच्या धुरकटात बुडालेले असते, त्यामुळे त्याचा आधार मिळत नाही.

एवढे करूनही गुरू आयपीसमधून निसटायला लागला की पहिली शिवी मोटरला बसते. बहुतेक वेळा ती बिचारी निर्दोष असते. तारा कोणत्या दिशेला जातो, हे आधी पाहावे. अक्ष एक अंशाने चुकला असेल, तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १६ विकला उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो. तीन मिनिटांत गुरूच्या बिंबाएवढे अंतर पडते.

तपासणीला उत्तम तारा म्हणजे मृगाच्या बाणातला सर्वांत वरचा, कारण तो खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. डिसेंबरअखेर तो साडेसातला पूर्वेकडे असतो. मोटर चालू ठेवून त्याला क्रॉसहेअरवर आणायचे. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली झुकला आहे, उत्तरेला सरकला तर वर चढला आहे. मध्यरात्री तोच तारा याम्योत्तर वृत्तावर येतो. आता तो दक्षिणेला गेला तर अक्ष पूर्वेकडे वळला आहे, उत्तरेला गेला तर पश्चिमेकडे. आयपीसमध्ये दिशांचा गोंधळ होतोच. नळी हलकेच ध्रुवाकडे ढकलावी, तारा ज्या कडेला जाईल ती दक्षिण. उंचीचा आणि दिशेचा असे दोन्ही स्क्रू एकदम फिरवणाऱ्याची मात्र रात्र वाया गेलीच म्हणून समजा.

तारा पूर्व-पश्चिम मागेपुढे डोलत असेल, तर दोष ध्रुवाचा नव्हे, वर्म गिअरचा. चाकाला १४४ दाते असतील तर हा झोका दर दहा मिनिटांनी तसाच परत येतो. एकदम उडी मारली तर तिपाईत अडकलेली वायर शोधावी.

ताऱ्यामागे धावायला दुर्बीणच फिरवली पाहिजे असेही नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या शिवेपलीकडे, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. त्यांचा चाळीस फुटी कॅमेरा जागचा हलत नव्हता. सूर्याच्या गतीने आत सरकत होती ती फोटोची काच. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ नायगमवालाही त्या ग्रहणासाठी जेऊरलाच आले होते. आज खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्या संगणकाच्या जोरावर दोन अक्षांवर फिरतात, त्यांना ध्रुवाची आळवणी करावी लागत नाही.

हौशी माणसाला ती करावी लागते, पण किती, हे कामावर ठरवावे. तेजोमेघाचा पाच मिनिटांचा फोटो घ्यायचा असेल तर काही कलांची चूकही खुपते. गावातली पोरे शनीची कडी पाहायला रांगेत उभी असतील, तर अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी शनी तासभर आयपीसमध्ये राहतो. अशा वेळी स्क्रूशी झटापट करत पोरांना ताटकळत ठेवू नये.