वाटीतली माती

दसऱ्याआधी माळा झाडताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. कागद सोडला आणि वास आला, मुरलेल्या इंजिन ऑइलचा आणि मातीचा. अण्णांच्या जीपच्या एअर क्लीनरची वाटी.

रविवारी सकाळी अण्णा क्लिपा सोडून ही वाटी उतरवायचे. तेल ओतून दिलं की तळातला गाळ चिमटीत धरून चोळायचे. "तांबडी. गगनबावडा." नाहीतर, "काळी, चिकट. शिरोळ." एकदा बोटं उजेडात धरून म्हणाले, "ही फौंड्रीची वाळू. उद्यमनगरात लई वेळ थांबलास." मी कॉलेजात होतो. गाडी न सांगता नेली होती.

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन साधारण ९,००० लिटर हवा ओढतं. ती हवा वाटीतल्या तेलावर येऊन एकदम वर वळते. जड धुळीला वळता येत नाही, ती तेलात पडते. उरलेली तेलानं भिजलेल्या तारेच्या जाळीत अडकते. जाळी रॉकेलमध्ये बुडवून धुवायची, निथळू द्यायची, तेल खुणेपर्यंतच भरायचं. जास्त झालं तर इंजिन तेच ओढतं आणि धूर काढतं.

धूळ म्हटलं की मला दुसरं महायुद्ध आठवतं. १९४२ च्या जूनमध्ये उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं, तेव्हा मराठा पलटणीची दुसरी बटालियन तिथं कैद झाली. त्या वाळवंटात धूळ दोन्ही बाजूंची इंजिनं खात होती. पुढं जर्मनांनी टायगर रणगाड्याच्या पाठीवर फाइफेल नावाचे मोठे फिल्टर बसवले. त्याच युद्धातली विलिस जीप पुढं महिंद्रा इथं जोडू लागले. आमची त्याच वंशातली. तोब्रुकच्या वाटेवर कुणी मराठी ड्रायव्हर रोज अशी वाटी धूत असेल, हे मनातून जात नाही.

पुढं एका गॅरेजवाल्यानं आम्हाला न विचारता कागदी फिल्टर बसवला आणि वाटी भंगारात टाकली. कागद बारीक धूळ जास्त पकडतो, हे खरं. पण विचारायला हवं होतं. तो राग माझ्या मनात अजून आहे. दुसऱ्या दिवशी अण्णांनी भंगाराच्या ढिगातून वाटी शोधून आणली आणि परत बसवायची म्हणून तशीच बांधून माळ्यावर ठेवली. बसवणं राहिलं. मग जीप विकली, मग अण्णा गेले.

कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा लोक तिचा रंग बघतात. यंदा मी बॉनेटकडेच बघत राहिलो, आत कसली वाटी असेल म्हणून.

घरी येऊन वाटीत रॉकेल ओतलं. डांबरासारखा थर हळूहळू सुटला. अण्णांसारखा चिमटीत धरून चोळला. तांबडी माती, एवढं कळलं. गगनबावड्याची, राधानगरीची की पन्हाळ्याची, ते मला सांगता आलं नाही.