निळ्या डब्यांचा शोध

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात एक कातारी काम करीत असे. दिवसभर लोखंड कातणाऱ्या या गृहस्थाचा छंद मात्र अगदी मुलासारखा होता. घरी एका लांब फळीवर रूळ मांडून तो छोटी आगगाडी चालवी. रूळ आणि इंजिन त्याने पैसे साठवून विकत आणले होते. उणीव होती ती मनाजोग्या डब्यांची.

त्याला हवे होते 'डेक्कन क्वीन'चे पहिले डबे. ही गाडी १ जून १९३० रोजी कल्याण व पुणे यांच्या दरम्यान धावू लागली; म्हणजे ती अंबरनाथवरूनच जाई. तिच्यासाठी सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गर्द निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडमधून आले होते, वरचा भाग मात्र माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात घडला होता. १९६६ साली ते डबे जाऊन पोलादी डबे आले.

मुंबईच्या दुकानांत परदेशी डबे मिळत. एक दुकानदार म्हणाला, "यांनाच निळा रंग द्या. कोण ओळखणार आहे?"

"मी ओळखीन ना!" कातारी उत्तरला.

पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे तो अर्धा दिवस उभा राहिला आणि परत आला तो डबे स्वतःच घडविण्याचा निश्चय करून. पितळी पत्रा आणला, जुन्या छायाचित्रांवरून आराखडे काढले आणि कानशीने एकेक खिडकी कोरली.

पहिला डबा पाहून शेजारचे निवृत्त गार्डकाका म्हणाले, "डबा सुरेख झाला रे, पण रूळ अरुंद दिसतात."

काकांची नजर पक्की होती. अशी गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची असते. युरोपात बहुतेक ठिकाणी रुळांमध्ये १४३५ मिलिमीटर अंतर असते. म्हणून छोटे रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. त्याचा हिस्सा येतो सव्वाएकोणीस. फरक केवळ पावणेतीन मिलिमीटरांचा! दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. परंतु केसाएवढी चूक झाली तरी नग बाजूला टाकण्याची ज्याच्या हाताला सवय, त्याने काय करावे?

त्याने सारे रूळ उखडले. लाकडाच्या बारीक पट्ट्यांवर सव्वाएकोणीस मिलिमीटरांचे नवे रूळ बसविले, डब्याची चाके पुन्हा कातली. हौसेने आणलेले इंजिन आता त्या रुळांवर उभेही राहीना. ते पुसून कपाटात गेले.

अखेर एका रविवारी निळा डबा रुळावर चढला. गार्डकाकांनी खिशातून हिरवा रुमाल काढून हलविला. काताऱ्याने बोटाने हलकेच ढकलताच डबा खडखडत फळीच्या टोकापर्यंत गेला.

"आणि इंजिन रे?" काकांनी विचारले.

"त्याचा आराखडा कालच काढायला घेतला, काका."