विजेची ओळख आणि विजेचा धाक



‘विद्युत ऊर्जा म्हणजे काय?’ या प्रश्नाला आपली मुले दोन ओळींचे पाठ केलेले उत्तर लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. आनंदाची गोष्ट आहे. पण तीच मुले घरी येऊन ओल्या हाताने मोटारीचे बटण दाबतात. तेव्हा शाळेत मिळालेले ज्ञान उंबरठ्याबाहेरच राहिले, असे आम्हांला वाटते. म्हणून आज या विषयावर चार साध्या गोष्टी.

आम्ही खैरलांजीकर. आमच्या पिढीने कंदिलाच्या काचा राखेने पुसल्या आणि चिमणीच्या उजेडात पाढे म्हटले. पुढे वीज आली, पण ती पाहुण्यासारखी. केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा नेम नसे. आजच्या मुलांना वीज गेली तरच तिची आठवण होते. पण वीज येते कोठून, हे त्यांनी पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी फार लांब जायला नको.

वैनगंगेपलीकडे तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच असलेले औष्णिक वीज केंद्र आहे. तेथे कोळसा जळतो, उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइनची पाती फिरवते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज देते. तिकडे पेंच नदीवर तोतलाडोहला १६० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. तेथे वाफेचे काम उंचावरून पडणारे पाणी करते. त्या विजेत मध्य प्रदेशाचे दोन वाटे आणि महाराष्ट्राचा एक. कोळशातील रासायनिक ऊर्जा असो की साठलेल्या पाण्याची स्थितिज ऊर्जा, शेवटी चक्र फिरते आणि चुंबक व तारांच्या गुंडाळ्यांतून वीज निघते. हे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. ती फक्त रूप बदलते. पुस्तकातले हे वाक्य त्या केंद्रांत रोज घडत असते.

आपल्या जिल्ह्याचा तर विजेशी जुना संबंध आहे. तांब्यातून वीज सहज वाहते, आणि मलाजखंडची तांब्याची खाण देशातील मोठ्या खाणींत गणली जाते. पंपाच्या मोटारीतील गुंडाळी तांब्याच्या तारेची असते. खांबांवरून येणारी तार मात्र ॲल्युमिनियमची. ती हलकी आणि स्वस्त पडते. भरवेलीला मॅंगनीज निघते. मॅंगनीज बहुतेक पोलादासाठी लागते, पण टॉर्चच्या सेलमधील काळ्या पुडीत मॅंगनीज डायऑक्साइड असतो. तुमसरकडच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतील असे खनिज सेल बनविण्यासाठी वापरले जाते. म्हणजे हातातल्या टॉर्चमध्ये आपल्याच मातीचा अंश असू शकतो.

आता विजेचे माप पाहू. बिलावरील एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून विहिरीकडे चला. एक हजार लिटर पाणी दहा मीटर उंच चढवायला ९८ हजार ज्यूल लागतात. त्या हिशेबाने एका युनिटात सुमारे ३६ हजार लिटर पाणी वर यावे. पंपात निम्मी ऊर्जा वाया गेली असे धरले, तरी १८ हजार लिटर येतेच. धडधाकट माणूस दिवसभर साधारण ७५ वॅट इतक्या जोराने राबू शकतो. आठ तासांत त्याचे काम ०.६ युनिट भरते. म्हणजे एक युनिट ही दीड दिवसाहून जास्त मजुरी झाली! आमच्या आजोबांनी बैलांच्या मागे मोट हाकली होती. त्यांना हा हिशेब सांगितला असता, तर रिकाम्या खोलीत पंखा फिरताना त्यांनी कोणाची गय केली नसती. नऊ वॅटचा एलईडी दिवा एका युनिटात १११ तास जळतो, साठ वॅटचा जुना बल्ब जेमतेम साडेसोळा तास. बचत कशी करावी हे यावरून मुलांनीच ठरवावे.

आता धाकाचे. काही वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत आमच्या ओळखीचे एक काका बांधीच्या धुऱ्यावर पंप सुरू करायला गेले. तारेच्या जोडाची पट्टी निघालेली होती आणि ते चिखलात अनवाणी उभे होते. हात लोखंडी पेटीला चिकटला. काकूंनी त्यांना ओढले नाही. त्या धावत गेल्या आणि मुख्य स्विच खाली केला. म्हणून काका आज नातवंडांना खेळवतात. त्यांना ओढले असते, तर दोघेही गेले असते. स्विच जवळ नसेल, तर कोरड्या बांबूने तार बाजूला करावी. तीही घरची तार असेल तरच. अकरा हजार व्होल्टच्या तारेजवळ कोरडा बांबूही भरवशाचा नाही. तेथे लांब राहून वीज कार्यालयाला कळवावे.

“फ्यूज आहे ना, मग काय भीती?” असे पुष्कळ जण म्हणतात. हिशेब करा. शरीरातून ३० मिलिअँपियरहून जास्त प्रवाह थोडा वेळ गेला, तरी हृदयाची लय बिघडू शकते. नऊ वॅटच्या दिव्यातून साधारण ४० मिलिअँपियर वाहतात. म्हणजे लहानशा दिव्याला पुरणारी वीज माणसाला मारायला पुरते. सहा अँपियरचा फ्यूज मात्र त्याच्या दीडशेपट प्रवाहापर्यंत स्वस्थ बसतो. तो तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवते ते चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरला वीज तोडणारे आरसीसीबी.

आणखी एक कटू गोष्ट. रानडुकरांपासून धान वाचवायला काही जण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. आपल्या भागात अशा तारांनी माणसे गेली आहेत, वाघही गेले आहेत. हा गुन्हा आहे. सौर कुंपणाचे झटका यंत्र वेगळे. ते क्षणभराचे झटके देते, त्यामुळे जनावर पळते, मरत नाही. धानाचे नुकसान होते हे आम्हांला मान्य आहे, आम्हीही धानच पिकवतो. पण पहाटे त्या धुऱ्यावरून कोणाचे तरी लेकरू जाते, हे विसरून चालणार नाही.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे, की शाळेच्या प्रत्येक इमारतीत आरसीसीबी बसवावे आणि दर पावसाळ्याआधी अर्थिंग तपासून घ्यावे. पालकांनी घरचे उघडे जोड आजच झाकावेत. आणि मुलांनो, या आठवड्यात घराचे बिल मागून घ्या, युनिट मोजा आणि मुख्य स्विच कोठे आहे ते आजी-आजोबांसकट घरातील सर्वांना दाखवून द्या. त्याला गुण मिळणार नाहीत, पण वेळप्रसंगी एक जीव वाचेल.