टायरवरील आकडे

पुड्यावरची तारीख पाहिल्याखेरीज दुकानात माल न भरणारा व्यापारी, मुलाच्या मोटारसायकलचा टायर मात्र केवळ भाव विचारून घेतो, हे नवलच. टायरच्या बाजूस अंडाकृती चौकटीत चार अंक उमटवलेले असतात. तेथे २३२४ असल्यास तो टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेल्या टायरचे रबर कडक होते. नक्षी कोरी दिसली तरी ओल्या डांबरावर त्याची पकड उणी पडते. सवलत मोठी असेल तेव्हा ही तारीख आवर्जून वाचावी.

१००/९०-१७ ५५पी, म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची. ५५ हा भारांक २१८ किलो भार दर्शवतो, तर पी हे अक्षर ताशी १५० किलोमीटर ही मर्यादा. मागे कापडाचा गठ्ठा बांधून गावोगाव वसुलीस जाणाऱ्या मुलाच्या पित्याने अक्षराआधी भारांक पाहावा. तरुणांना रुंद टायरची हौस असते. परंतु अरुंद रिमवर त्याचा आकार बिघडतो व गाडी वळणावर जड होते.

मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून तोच बदलला जातो. ब्रेक दाबताच भार मात्र पुढच्या चाकावर येतो. पावसाळ्यापूर्वी पुढच्या टायरची झीज आधी तपासावी. नवा टायर बसवल्यावर पहिले १००-१५० किलोमीटर, वरचा गुळगुळीत थर निघेपर्यंत, मुलाने गाडी बेतानेच हाकावी.